दर्शनी भिंतीवरचं नाव

सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह जुने गोव्याच्या बॉम जेझुस चर्चमध्ये आहे, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शनाला माणसं तासन्‌तास रांगेत उभी राहतात. शेवटचं प्रदर्शन २०२४च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि २०२५च्या जानेवारीत संपलं. या देहाला उजवा हात नाही, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. १६१४ साली कोपरापासून पुढचा हात कापून तो रोमला पाठवला गेला. तिथे तो जेझुइटांच्या, म्हणजे झेवियर ज्या धर्मसंघाचा होता त्यांच्या, 'इल जेझू' या मुख्य चर्चमध्ये आहे. त्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर भल्यामोठ्या रोमन अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ असा: पवित्र रोमन चर्चचा व्हाइस-चान्सलर अलेस्सांद्रो कार्डिनल फार्नेझे याने हे बांधलं, १५७५.

माझं सगळं म्हणणं त्या 'बांधलं'पाशी अडतं. बांधलं म्हणजे कोणी?

आधी एका शब्दाबद्दल, कारण तो आपल्या घरातलाच निघतो. लॅटिनमध्ये 'नेपोस', त्यावरून इटालियन 'निपोते', आणि त्यावरून हल्ली वर्तमानपत्रांत रोज दिसणारा 'नेपोटिझम'. संस्कृतातला 'नप्तृ' हा या 'नेपोस'चा सख्खा भाऊ, आणि तोच 'नप्तृ' झिजत झिजत मराठीत 'नातू' झाला. आपल्याकडे नातू, पुतण्या, भाचा हे तीन वेगळे शब्द आहेत. इटालियन माणसाचं एका 'निपोते'त तिघांचं भागतं. ब्रह्मचारी म्हणवणाऱ्या पोपांना ही संदिग्धता सोयीची होती. अलेस्सांद्रो फार्नेझेच्या बाबतीत मात्र आडपडदा नव्हता. पोप तिसरा पॉल हा त्याचा खरोखरचा आजोबा. पोप होण्याच्या कितीतरी आधी, धर्मगुरूची दीक्षाही घेतलेली नसताना, या आजोबांना मुलं झाली होती. त्यांतल्या पिएर लुईजीचा हा मुलगा.

तिसरा पॉल १३ ऑक्टोबर १५३४ला पोप झाला. ३ नोव्हेंबरला त्याने काढलेल्या फर्मानाने गोव्याचा धर्मप्रांत उभा राहिला. त्याची हद्द केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत. आणि १८ डिसेंबरला त्याने दोन नवे कार्डिनल, म्हणजे पोप निवडणारे चर्चचे वरिष्ठ धर्माधिकारी, नेमले. एक मुलीचा मुलगा ग्विदो आस्कानिओ स्फोर्झा, वय सोळा. दुसरा मुलाचा मुलगा अलेस्सांद्रो, वय चौदा. दोघंही तेव्हा बोलोन्यात शिकत होते. पोर्तुगालच्या राजाने निवडलेला पहिला प्रत्यक्ष बिशप, फ्रान्सिस्कन पंथाचा एक साधू, गोव्याच्या धक्क्यावर उतरला तो १५३८ साली. तोवर रोममधल्या त्या पोराच्या वाट्याला पार्मा, आव्हिन्यों, स्पेनमधलं हाएन, सिसिलीतलं मोनरेआले अशी धर्मपीठं येऊन चुकली होती. अर्ध्या जगाला एक बिशप मिळायला चार वर्षं लागली, आणि एकाच बिशपाला चार गावं मिळायला जेमतेम दोन!

नेमणुकीवर कुरबुर झालीच. त्यावर पोपने दिलेलं उत्तर इतिहासकारांनी नोंदवलंय: आधीच्या पोपांनी केलं तेच मी करतोय, पाळण्यातली मुलं कार्डिनल झाल्याचे दाखले आहेत. 'आधीही झालंय' हे उत्तर किती जुनं आहे बघा. शिवाय या गृहस्थाला ते शोभणारंच होतं. १४९३ साली तो स्वतः कार्डिनल झाला तो सहाव्या अलेक्झांडर बोर्जियाच्या कृपेने. आणि ती कृपा झाली कारण त्याची देखणी बहीण जुलिया बोर्जियाच्या मर्जीतली होती. रोमची माणसं त्याला 'परकराच्या जोरावरचा कार्डिनल' म्हणत. बोर्जिया तरी कुठून आला? तोही तिसऱ्या कॅलिक्स्टस पोपचा भाचा. मामाने त्याला १४५७ साली व्हाइस-चान्सलर केलं आणि स्वतः पोप होईपर्यंत त्याने ते पद सोडलं नाही. १५३५मध्ये तेच पद पंधराव्या वर्षात असलेल्या अलेस्सांद्रोला मिळालं. पोपच्या फर्मानांवर शिक्का उमटवणाऱ्या कचेरीची ही प्रमुखकी, आपल्या भाषेत चिटणिशी, आणि प्रत्येक शिक्क्यामागे दस्तुरी. ५४ वर्षं, १५८९मध्ये मरेपर्यंत, ती त्याच्याकडे होती.

इथवर ऐकून कोणीही म्हणेल की हा आयत्या बिळावरचा नागोबा असणार. तसा तो नव्हता, आणि म्हणूनच मी त्याच्याबद्दल लिहितोय. नालायक नातलगाबद्दल लिहिण्यात अर्थ नाही. पोप तिसऱ्या ज्युलियसने १५५०मध्ये एका अशिक्षित तरुणाला, ज्याचं काम म्हणे माकडाची निगा राखणं एवढंच होतं, भावाकडून दत्तक घेववून कार्डिनल केलं. त्याच्यावर हसायला अक्कल लागत नाही. चौथ्या पॉलचा पुतण्या कार्लो कराफा १५६१मध्ये सांत आंजेलोच्या किल्ल्यात गळा आवळून मारला गेला, तोही कोणी आदर्श म्हणून दाखवत नाही. अशी उदाहरणं पुढे केली की घराणेशाहीचे वकील खुशीने मान डोलावतात: 'हो, हे वाईटच. पण वारस लायक असेल तर?' मग लायक वारसच घेऊ. फार्नेझेहून चांगला सापडणार नाही.

तो हुशार होता, मुत्सद्दी होता, विशीतच सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा फ्रान्सिस यांच्या दरबारी वकिली करून आला होता. त्याला नजर होती. चित्रकार जुलिओ क्लोव्हिओकडून त्याने जे प्रार्थनापुस्तक चितारून घेतलं ते १५४६मध्ये पुरं झालं. आज ते न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे. चित्रकारांची चरित्रं लिहायची कल्पना आपल्याला याच कार्डिनलच्या जेवणाच्या मेजावर सुचली, असं चित्रकार आणि चरित्रकार व्हासारीने स्वतः लिहून ठेवलंय. याच व्हासारीने त्याच्या कचेरीतलं एक दालन शंभर दिवसांत रंगवलं आणि ती बढाई मायकेलँजेलोपुढे मारली. मायकेलँजेलो म्हणाला, 'दिसतंच आहे.' काप्रारोलाचा पंचकोनी वाडा वास्तुकार विन्योलाने त्याच्यासाठी उभा केला. इल जेझूही त्याच विन्योलाचं, दर्शनी भिंत जाकोमो देल्ला पोर्ताची. पुढे जेझुइटांनी जगभर चर्चं बांधली तेव्हा नजरेसमोर हे चर्च होतं. जुने गोव्याच्या बॉम जेझुसवरही त्याची छाया आहे.

बचाव पक्षाचं पहिलं म्हणणं विश्वासाचं आहे, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. पोप हा निवडून येणारा राजा. म्हातारपणी गादीवर बसणार, थोड्या वर्षांत जाणार. भोवतीचे कार्डिनल आधीच्या पोपांनी नेमलेले. कोणी स्पेनचा, कोणी फ्रान्सचा, आणि निम्म्यांचे डोळे पुढच्या निवडणुकीवर. अशा जागी ज्याचं नशीब फक्त आपल्याशी बांधलेलं आहे असा माणूस कोण? घरचाच. म्हणून 'कार्डिनल-निपोते' हे पद जवळजवळ घटनात्मकच होऊन बसलं: पत्रव्यवहार त्याच्याकडे, वकील त्याला भेटणार, पोपच्या मनातलं त्याला कळणार. राज्यकारभार कोरड्या तत्त्वांवर चालत नाही, हे मलाही कळतं.

पण हा विश्वास कसोटीला लागला तेव्हा काय झालं? १५४५मध्ये पोपने पार्मा आणि पियाचेन्झा ही चर्चच्या मालकीची दोन शहरं तोडून मुलगा पिएर लुईजी याला ड्यूकी म्हणून दिली. कुंपणानेच शेत खाल्लं. दोन वर्षांत, सप्टेंबर १५४७मध्ये, पियाचेन्झाच्या सरदारांनी पिएर लुईजीचा खून केला. मिलानचा सुभेदार फेर्रान्ते गोन्झागा त्यात सामील होता, आणि सम्राटाच्या नावाने त्याने शहर ताब्यात घेतलं. निदान पार्मा तरी वाचावं म्हणून पोपने ते पुन्हा चर्चकडे घ्यायचं ठरवलं. पिएर लुईजीचा मुलगा ओत्ताव्हिओ, म्हणजे आपल्या कार्डिनलचा भाऊ आणि सम्राटाचा जावई, हटून बसला. त्याने पार्मा बळाने घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला, तेव्हा बापाच्या खुनात हात असलेल्या गोन्झागाशीच संधान बांधायची धमकी त्याने आजोबाला दिली. आणि कार्डिनल अलेस्सांद्रो? पंधरा वर्षं पोपचा उजवा हात असलेला हा माणूस आतून भावाच्या बाजूने होता. हे कळल्यावर ८१ वर्षांच्या पोपने रागाने थरथरत नातवाची लाल टोपी हिसकावून घेतली, असं सांगतात. थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर १५४९ला, पोप गेला.

त्यात दगाबाजी शोधत बसू नये. अलेस्सांद्रो तर्काला धरूनच वागला. त्याला पद मिळालं होतं ते तो फार्नेझे होता म्हणून. पोप आणि फार्नेझे घराणं यांतून एक निवडायची वेळ आली तेव्हा त्याने ज्याच्यामुळे पद मिळालं त्याची निवड केली. रक्ताच्या नात्याने नेमलेला माणूस रक्ताशी इमान राखतो, संस्थेशी नाही. आणि दोन्ही एकच आहेत हा भ्रम नेमणारा जिवंत असेतोवर टिकतो, इथे तर तेवढाही टिकला नाही. पुढच्या निवडणुकीत फार्नेझे गटाच्या मदतीने तिसरा ज्युलियस पोप झाला आणि त्याने पार्मा ओत्ताव्हिओच्या हवाली केलं. १७३१मध्ये घराण्याचा शेवटचा पुरुष मरेपर्यंत ती ड्यूकी फार्नेझ्यांकडे राहिली. एका पोपचं पंधरा वर्षांचं राज्य, आणि चर्चच्या जमिनीवर १८६ वर्षांचं घराणं.

याच तिसऱ्या पॉलकडे दुसरा रस्ता नव्हता, असंही नाही. किंबहुना तो रस्ता त्यानेच खणला होता. १५३५ साली त्याने व्हेनिसच्या गास्पारो कॉन्तारिनीला, धर्मगुरूची दीक्षा न घेतलेल्या माणसाला, केवळ विद्वत्ता आणि चारित्र्य पाहून कार्डिनल केलं. मग त्याच्याच हाताखाली सुधारणेसाठी एक समिती नेमली. १५३७च्या मार्चमध्ये समितीने पोपच्या हातात अहवाल ठेवला. चर्चच्या दुखण्याचं मूळ पोपच्या खुशामतखोरांत आहे, धर्मपदं म्हणजे पोपची खासगी मालमत्ता असल्यासारखी वाटली जातात, कोवळ्या पोरांना दीक्षा दिली जाते, असं त्यात रोखठोक लिहिलेलं होतं. तेव्हा घरचा पोरगा सोळा वर्षांचा होता. पोपने अहवाल ऐकून घेतला, ट्रेंटची धर्मपरिषद बोलावली, जेझुइटांना १५४०मध्ये मान्यता दिली, आणि १५४५मध्ये धाकटा नातू रानुच्चो यालाही पंधराव्या वर्षी कार्डिनल केलं. सुधारणा खरी होती. फक्त तिला घराचा उंबरठा ओलांडायची मुभा नव्हती.

आता दुसरं म्हणणं, जे कलाप्रेमी मंडळींच्या तोंडी हमखास येतं: ते सगळं खरं, पण मागे काय राहिलं ते बघा! हा वाडा, हे चर्च, ती चित्रं. स्वच्छ कारभाराने काय दिलं असतं, जमाखर्चाच्या वह्या?

हे म्हणणं मला मोहात पाडतं, हे कबूल करतो. काप्रारोलाची छायाचित्रं बघताना दशमांशाचा हिशेब आठवत नाही. पण आठवायला हवा. मोनरेआलेचा तो १५३६पासून ३७ वर्षं आर्चबिशप होता आणि त्यातला बहुतेक काळ मोनरेआलेत नव्हता. तिकडची कामं बदलीचा माणूस बघायचा. आपल्याकडे वतनदार स्वतः पुण्या-साताऱ्याला राहून गावी मुतालिक ठेवायचा, तोच मामला. धर्मगुरूची दीक्षा त्याने घेतली १५६४मध्ये. म्हणजे चौदाव्या वर्षी कार्डिनल झालेल्या या माणसाला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत मिस्सा सांगायचाही अधिकार नव्हता. तीस वर्षं तो धर्मपीठांचं उत्पन्न घेत होता आणि धर्मपीठाचं सर्वांत मूलभूत काम करायला अपात्र होता. सिसिलीतल्या शेतकऱ्याने धान्याचा दहावा भाग दिला तो आपल्या गावच्या देवळासाठी, धर्मगुरूसाठी, गावातल्या गरिबांसाठी. तो रोममध्ये पोचून विन्योलाच्या हाती पडला. भिंतीवर त्या शेतकऱ्याचं नाव असावं अशी माझी भाबडी मागणी नाही. पण 'फार्नेझेने बांधलं' हे वाक्य हिशेबाच्या दृष्टीने खोटं आहे.

कार्लो बोर्रोमेओचा एक किस्सा सांगतात. हाही चौथ्या पायसचा भाचा, एकविसाव्या वर्षी कार्डिनल झालेला. पण मामा गेल्यावर मिलानला जाऊन राहिला, बिशपचं काम बिशपसारखं केलं, पुढे संत ठरला. काप्रारोला बघून तो म्हणाला, हा पैसा गरिबांना दिला असता तर! फार्नेझे उत्तरला: गरिबांनाच दिला, थोडा थोडा करून, पण त्यांच्याकडून घाम गाळून घेऊन. उत्तर हजरजबाबी आहे आणि आजही चालतं. कुठल्याही भव्य बांधकामाच्या उद्‌घाटनात रोजगाराचे आकडे ऐकून घ्या. त्यातली मेख एवढीच की पैसा मुळात त्याच गरिबांचा होता. स्वतःचंच धान्य परत मिळवायला दगड वाहायचे आणि वर आभार मानायचे.

इल जेझूच्या बांधकामातली एक गोष्ट मला या सगळ्यापेक्षा बोलकी वाटते. जेझुइटांना प्रवचनासाठी जागा हवी होती. आवाज घुमू नये म्हणून त्यांना लाकडी, सपाट छत हवं होतं. कार्डिनलला कमानदार घुमटी छत हवं होतं, भव्य दिसणारं. १५६८च्या ऑगस्टात त्याने विन्योलाला पत्र लिहिलं: खर्च २५,००० स्कुदीच्या (रोमची तेव्हाची नाणी) वर जाऊ नये, मधे खांबांच्या ओळी न घालता सलग एकच दालन असावं, तोंड चौकाकडे असावं, आणि छत कमानीचंच. आवाज घुमण्याची भीती त्याने झटकून टाकली. छत कमानीचं झालं. ज्यांनी तिथे रोज उभं राहून बोलायचं होतं त्यांना छताबद्दल बोलता आलं नाही. चर्च सुंदर झालं यात वादच नाही.

आश्रयदात्यांचं कौतुक करताना आपण उरलेलं मोजतो, न झालेलं मोजत नाही, कारण ते दिसत नाही. पार्मात, मोनरेआलेत, हाएनमध्ये जो बिशप झाला असता आणि झाला नाही, त्याचं चित्र टिशियनसारख्या चित्रकाराने काढलेलं नाही. बोलोन्याच्या वर्गात त्या पोराच्या शेजारी बसलेल्या, त्याच्याहून तल्लख कोणाचं पुढे काय झालं, याची नोंद ठेवायचं कोणाला कारण नव्हतं. आणि लायक वारसाने नेमकं हेच झाकलं जातं. माकडवाल्या कार्डिनलमुळे निदान लोक चिडले, व्यवस्थेला लाज वाटली. फार्नेझेमुळे व्यवस्थेला अब्रू मिळाली. त्याच्याकडे बोट दाखवून पुढची दीडशे वर्षं प्रत्येक पोपला घरचा एक मुलगा पुढे करता आला. अखेर बाराव्या इनोसंटने १६९२मध्ये फर्मान काढलं, की पोपने फार तर एकाच नातलगाला कार्डिनल करावं, तोही लायक असेल तर, आणि त्याचं उत्पन्न १२,००० स्कुदीच्या आत असावं. म्हणजे बंदी नाहीच, रेशनिंग.

फार्नेझेला स्वतःला एक गोष्ट कधी मिळाली नाही. आजोबा गेल्यापासून १५८५पर्यंतच्या निवडणुकांत त्याचं नाव घेतलं जाई, पण तो पोप झाला नाही. १५७२मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ग्रान्व्हेल या कार्डिनलमार्फत त्याला कळवलं, या वेळी नाही. कारण उघड होतं: पार्मा ज्यांच्याकडे आहे त्या घराण्याच्या हाती पोपची गादी आणखी कशाला? ज्या आडनावाने चौदाव्या वर्षी सगळे दरवाजे उघडले त्याच आडनावाने शेवटचा लावून घेतला. मला त्याची कीव येत नाही, पण नोंद करायला हवी.

त्याच्या वाड्यात शिफारशीने शिरलेला दुसरा एक तरुण होता. १५७०च्या नोव्हेंबरात क्लोव्हिओने कार्डिनलला पत्र लिहिलं, की क्रीटहून आलेला एक पोरगा आहे, टिशियनचा शिष्य, अप्रतिम काढतो, त्याला वाड्यात एखादी खोली द्या. शिफारस सगळी वाईट नसते. ही रक्त बघून नव्हती, काम बघून होती. खोली मिळाली. दोन वर्षांत त्याला बाहेर काढलं गेलं, का ते त्यालाही कळलं नाही. १५७२च्या जुलैतलं त्याचं गाऱ्हाण्याचं पत्र उपलब्ध आहे. तो स्पेनला गेला. जग त्याला एल ग्रेको म्हणून ओळखतं. हा नजर असलेल्या आश्रयदात्याचा घरचा कारभार.

आणि टिशियन? १५४५मध्ये तो व्हेनिसहून रोमला आला आणि त्याने तिसऱ्या पॉलचं दोन नातवांसह चित्र काढायला घेतलं. म्हातारा पोप खुर्चीत वाकून बसलेला, ओत्ताव्हिओ कमरेत लवून मुजरा करतोय, मागे लाल झग्यात आपला कार्डिनल, एक हात आजोबांच्या खुर्चीवर. घराणेशाहीवर याहून तिखट काही कोणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण टिशियन रोमला फक्त चित्र काढायला आला नव्हता. त्याला पोंपोनिओ नावाचा मुलगा होता. त्याला लहानपणीच एका चर्चचं उत्पन्न मिळवून दिलेलं होतं, पोराला धर्मात काडीचा रस नव्हता, आणि बापाला त्याच्यासाठी आणखी एका मठाचं उत्पन्न हवं होतं. ते द्यायचं कबूल केलं होतं याच कार्डिनलने. टिशियन महिनोन्‌महिने थांबला. मठ काही पदरात पडला नाही. १५४६मध्ये त्याने रंग आवरले आणि तो व्हेनिसला परतला. चित्र अर्धवट राहिलं. आजही ते नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयात तसंच अर्धवट टांगलेलं आहे.